विश्लेषण : लठ्ठपणाला पोटातले जिवाणू किती जबाबदार? उंदरांत दिसले ते माणसांत का दिसेना?

समाजमाध्यमांवर वजन कमी करण्याचा एखादा व्हिडीओ पाहिला, की पुढचे चार दिवस ठरावीक जाहिराती मागे लागतात. घरपोच एक डबी येणार, तिच्यात विष्ठेचा नमुना भरून कुरिअरने परत पाठवायचा, काही हजार रुपये मोजायचे आणि मग मोबाइलवर रंगीत आलेखांचा अहवाल पाहायचा. तुमच्या आतड्यात ‘जाड करणारे’ जिवाणू किती आणि ‘बारीक ठेवणारे’ किती, हे त्यात लिहिलेले असते. सोबत त्याच कंपनीच्या कॅप्सूल असतातच.

हा दावा हवेतून आलेला नाही. त्यामागे वीस वर्षांचे गंभीर संशोधन आहे. अडचण एवढीच, की जाहिरातींत त्या संशोधनाचा पूर्वार्धच सांगितला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. त्यांतल्या अनेकांनी जिम, उपवास, डाएट असे सगळे करून पाहिलेले असते. ‘दोष तुमचा नाही, जिवाणूंचा आहे’ हे वाक्य त्यांना किती दिलासा देत असेल, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच त्यातले खरे किती, हे तपासायला हवे.

आतड्यात हे जिवाणू करतात काय?

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे हिशेब जवळपास बरोबरीचा. ‘माणसाच्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ हे वाक्य अजूनही जागोजागी वाचायला मिळते. पण २०१६ मध्ये इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी नव्याने मोजदाद केली आणि तो आकडा निकालात निघाला. या सगळ्या जिवाणूंचे एकत्रित वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. तेव्हा काट्यावर दिसणारे वाढीव पाच किलो जिवाणूंचे नाहीत, एवढे तरी नक्की.

त्यांचे मुख्य काम म्हणजे आपल्याला न पचलेले पचवणे. भाकरी, डाळी, भाज्या यांतला तंतुमय भाग तोडणारी विकरे आपल्याकडे नाहीत. तो तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात. आतडे ती शोषून घेते आणि शरीराला त्यातून थोडी ऊर्जा मिळते. गायीची बहुतांश ऊर्जा याच मार्गाने येते. माणसात मात्र हा वाटा एकूण ऊर्जेच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंतच असतो.

एकाच ताटातून कुणाचे जिवाणू थोडी जास्त ऊर्जा काढून देत असतील, तर वर्षानुवर्षे तो फरक साठून वजन वाढेल का? संशोधनाची सुरुवात याच प्रश्नापासून झाली.

लठ्ठपणाशी संबंध कुणी जोडला?

अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांची प्रयोगशाळा आहे. तिथे निर्जंतुक उंदीर पाळले जातात. जन्मापासून बंदिस्त प्लास्टिकच्या फुग्यात वाढलेले, अंगात एकही जिवाणू नसलेले. २००४ मध्ये या गटाने दाखवले, की सामान्य उंदरांच्या अंगात निर्जंतुक उंदरांपेक्षा ४२ टक्के जास्त चरबी असते आणि तरीही ते २९ टक्के कमी खातात. निर्जंतुक उंदरांच्या पोटात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. खाणे मात्र वाढले नव्हते, उलट घटले होते.

२००६ मध्ये याच प्रयोगशाळेतील पीटर टर्नबॉ यांनी पुढची पायरी गाठली. जनुकीय दोषामुळे लठ्ठ झालेल्या उंदरांचे जिवाणू एका गटाला दिले, सडपातळ उंदरांचे दुसऱ्या गटाला. दोन आठवड्यांत पहिल्या गटाची चरबी ४७ टक्के वाढली, दुसऱ्याची २७ टक्के.

सर्वात गाजला तो २०१३ चा प्रयोग. व्हेनेसा रिडॉरा आणि सहकाऱ्यांनी चार जुळ्या बहिणींच्या जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत एक लठ्ठ, दुसरी सडपातळ. त्यांच्या विष्ठेतील जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जाड झाले, दुसरे झाले नाहीत. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप होते. सडपातळ उंदरांचे जिवाणू लठ्ठ गटातल्या उंदरांच्या पोटात घुसले आणि त्या उंदरांची चरबी वाढणे थांबले.

बातम्यांचे मथळे इथेच संपले. शोधनिबंध इथे संपत नाही. उंदरांना भरपूर स्निग्धांशाचे आणि फळे-भाज्या कमी असलेले खाद्य दिले, तेव्हा ‘चांगले’ जिवाणू घुसलेच नाहीत. एकाच पिंजऱ्यात राहूनही उपयोग झाला नाही. जिवाणूंना वस्ती करायला त्यांचे खाणे मिळावे लागते, ही गोष्ट त्याच निबंधात होती. माझ्या मते तो त्या प्रयोगाचा सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष आहे आणि सर्वात कमी छापला गेलेलाही.

‘फर्मिक्युट्स जास्त म्हणजे लठ्ठ’ हे सूत्र कुठून आले?

आतड्यातील जिवाणूंचे दोन मोठे गट आहेत. फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेटिस. (वर्गीकरणकारांनी आता त्यांची नावे बॅसिलोटा आणि बॅक्टेरॉइडोटा अशी बदलली आहेत. अहवालांत जुनीच चालतात.) २००५ मध्ये गॉर्डन यांच्याच गटाला लठ्ठ उंदरांत बॅक्टेरॉइडेटिस निम्म्याने कमी आढळले. पुढच्या वर्षी डाएट करणाऱ्या १२ लठ्ठ माणसांत वजन उतरताना बॅक्टेरॉइडेटिस वाढताना दिसले. बारा माणसे. एवढ्यावर ‘फर्मिक्युट्स भागिले बॅक्टेरॉइडेटिस’ हे गुणोत्तर लठ्ठपणाचे मोजमाप म्हणून जगभर पसरले.

नंतर इतरांनी मोजले तेव्हा कुठे गुणोत्तर वाढलेले, कुठे घटलेले, कुठे काहीच फरक नाही असे दिसू लागले. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील मार्क झी आणि पॅट्रिक श्लॉस यांनी दहा अभ्यासांची मूळ आकडेवारी एकत्र करून पुन्हा तपासली. जिवाणूंची विविधता आणि लठ्ठपणा यांत संबंध सापडला, पण अगदी क्षीण. गुणोत्तराचा संबंध टिकला नाही. जिवाणू पाहून माणूस लठ्ठ आहे की नाही हे ओळखायला संगणकाला सांगितले, तर त्याचे उत्तर नाणेफेकीपेक्षा फार बरे येत नव्हते. दोन माणसांतला नैसर्गिक फरकच इतका मोठा असतो, की त्या गोंगाटात लठ्ठपणाची खूण हरवून जाते. इंजिनीअरिंगला सिग्नल आणि नॉइजचा धडा ज्यांनी घोकला आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

हेच गुणोत्तर आजही खासगी अहवालांत पहिल्या पानावर, लाल-हिरव्या पट्टीसह छापलेले दिसते.

माणसांवर प्रयोग झाले का?

झाले आणि एकदा नाही, अनेकदा. निरोगी, सडपातळ दात्याच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडायचे, याला विष्ठा प्रत्यारोपण म्हणतात. ऐकायला किळसवाणे वाटते. पण क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांवर ते फार प्रभावी ठरले आहे.

लठ्ठपणाबाबत आशा वाढवणारी एक विचित्र घटना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत एका महिलेला या जुलाबांसाठी तिच्याच मुलीची विष्ठा देण्यात आली. मुलीचे वजन जादा होते. महिलेचे वजन आधी सुमारे ६२ किलो होते, १६ महिन्यांनी ते ७७ किलो झाले. जुलाब बरे झाले, वजन मात्र उतरेना. अर्थात ही एकच व्यक्ती. आजारातून उठलेल्या माणसाचे वजन वाढतेच, तिला इतर औषधेही सुरू होती. त्यामुळे डॉक्टरांनीही निष्कर्ष काढला नाही. फक्त जादा वजनाचा दाता टाळावा, एवढे सुचवले.

नियोजनबद्ध चाचण्यांचे चित्र वेगळे आहे. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये चयापचयाचा विकार असलेल्या १८ पुरुषांवर चाचणी झाली. सडपातळ दात्याचे जिवाणू मिळालेल्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सहा आठवड्यांत सुधारली, वजन मात्र बदलले नाही. त्याच संशोधकांनी २०१७ मध्ये मोठ्या गटावर प्रयोग केला, तेव्हा ती सुधारणाही १८ आठवड्यांपर्यंत विरून गेली होती. अमेरिकेत २०१९ मध्ये २२ लठ्ठ व्यक्तींवर कॅप्सूलमधून जिवाणू देण्याची चाचणी झाली. वजनात फरक नाही. न्यूझीलंडमध्ये २०२० मध्ये ८७ लठ्ठ किशोरवयीन मुलामुलींवर चाचणी झाली. त्यांच्या बीएमआयमध्येही फरक पडला नाही.

उंदरांत दोन आठवड्यांत दिसणारा परिणाम माणसांत महिनोन्‌महिने वाट पाहूनही दिसेना.

मग उंदीर खोटे बोलत होते का?

नाही. पण पिंजऱ्यातली परिस्थिती आपल्यासारखी नसते. निर्जंतुक उंदराचे आतडे म्हणजे यार्डातून निघालेली रिकामी लोकल. जो चढेल त्याला जागा. तुमचे-आमचे आतडे म्हणजे सकाळी पावणेनऊची दादर. आधीच उभे असलेले नव्याला आत येऊ देत नाहीत. शिवाय प्रयोगातले उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात, रोज तेच खाद्य खातात आणि त्यांच्यावर कामाचा ताण किंवा रात्रपाळी लादलेली नसते.

संशोधनाच्या पद्धतीतही खोट होती. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ येन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये माणसांचे जिवाणू उंदरांना देणारे ३८ अभ्यास तपासले. लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य अशा नाना आजारांचे. त्यांतल्या ९५ टक्के अभ्यासांनी ‘आजार उंदरात उतरला’ असा निष्कर्ष काढला होता. इतके यश संशयास्पद आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. अनेक ठिकाणी दोन-चार माणसांचे नमुने डझनावारी उंदरांना देऊन प्रत्येक उंदीर स्वतंत्र पुरावा म्हणून मोजलेला होता. एकाच मतदाराचे मत वीस वेळा मोजण्यासारखा हा प्रकार.

कारण आणि परिणाम यांचा तिढा तर आहेच. जिवाणू बदलल्यामुळे वजन वाढते, की ज्या खाण्याने वजन वाढते त्याच खाण्याने जिवाणूही बदलतात? आहार बदलला, की एक-दोन दिवसांत आतड्यातील जिवाणूंची जनगणना बदलू लागते, हे माणसांत दिसून आले आहे.

म्हणजे जिवाणूंचा काहीच हात नाही?

असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत मला सर्वात पटणारा वाटतो. १७ निरोगी व्यक्तींना संशोधन केंद्रात ठेवून दोन प्रकारचा आहार दिला. एक प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा, पाश्चात्त्य वळणाचा. दुसरा तंतुमय पदार्थ, भरड धान्ये, थंड केल्यावर सहज न पचणारा स्टार्च यांचा. प्रत्येकाने दोन्ही आहार घेतले. किती कॅलरी पोटात गेल्या आणि किती विष्ठेतून बाहेर पडल्या, हे काटेकोरपणे मोजले. दुसऱ्या आहारात दिवसाला सरासरी ११६ कॅलरी जास्त बाहेर गेल्या. साधारण एका पोळीइतक्या. भूक वाढली नव्हती. कारण तंतुमय पदार्थ जिवाणूंना खायला मिळाले, त्यांची संख्या वाढली आणि ती वाढलेली संख्या ऊर्जा घेऊन बाहेर पडली.

गंमत अशी, की २००४ च्या गृहीतकात जिवाणू हे कॅलरी वाढवून देणारे भागीदार होते. इथे ते कॅलरी खाणारे पाहुणे ठरले. जिवाणू तेच, त्यांच्यापर्यंत काय पोहोचते, यावर त्यांची भूमिका ठरली. मैदा आणि साखर लहान आतड्यातच शोषली जाते. मोठ्या आतड्यातल्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

दुसरा धागा भुकेचा आहे. वर सांगितलेली मेदाम्ले आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायला लावतात. भूक आवरणारे हेच ते संप्रेरक, ज्याची नक्कल करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने सध्या चर्चेत आहेत. मात्र नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात काही मिनिटेच टिकते, तर औषध आठवडाभर टिकेल असे बनवलेले असते. त्यामुळे ‘फायबर म्हणजे नैसर्गिक ओझेम्पिक’ ही रील पाहिली तर पुढे सरका.

तिसरा धागा अॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला या जिवाणूचा. नेदरलँड्समध्ये शोध लागलेला हा जिवाणू आतड्याच्या चिकट अस्तरावर जगतो आणि लठ्ठ व्यक्तींत अनेकदा कमी आढळतो. बेल्जियममधील पॅट्रिस कानी यांच्या गटाने २०१९ मध्ये त्याची पहिली मानवी चाचणी प्रसिद्ध केली. ३२ जणांनी ती तीन महिने पूर्ण केली. पाश्चरीकरण करून मारलेला जिवाणू घेणाऱ्यांत इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. वजन थोडे घटल्यासारखे दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते उतरले नाही. इथेही डच प्रयोगासारखेच झाले. साखरेच्या चयापचयावर परिणाम दिसतो, काट्यावर दिसत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी हेही थोडके नाही. पण जाहिरातीत ‘वजन’ लिहिलेले असते.

भारतीय पोट वेगळे आहे का?

बरेच. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांतील जिवाणूंवर सातत्याने काम केले. धान्ये-डाळींवर जगणाऱ्या आपल्या लोकांत प्रिव्होटेला या गटाचे प्राबल्य त्यांना आढळले. पाश्चात्त्य देशांत बॅक्टेरॉइड्स जास्त असतात. याच गटाने २०१२ मध्ये सडपातळ, सामान्य, लठ्ठ आणि लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या भारतीयांचे नमुने तपासले, तेव्हा दोन मोठ्या गटांच्या प्रमाणात ठाम कल दिसला नाही. म्हणजे ते गाजलेले गुणोत्तर पुण्यातही सापडले नव्हते. नमुने थोडे होते, हे खरे.

जगातील सार्वजनिक माहितीसाठ्यांत असलेल्या आणि मूळ ठिकाण माहीत असलेल्या मानवी जिवाणू-नमुन्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक युरोप, अमेरिका आणि कॅनडातील आहेत, असे २०२२ मधील एका मोजणीत दिसले. अशा साठ्यावर बेतलेल्या पट्टीने सोलापूरच्या ज्वारी खाणाऱ्या माणसाचे पोट मोजले, तर ‘असंतुलन’ निघणारच. घरपोच चाचणी करणाऱ्या कंपनीला विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे : तुमची ‘सामान्य’ची व्याख्या कुणाच्या नमुन्यांवरून ठरली?

खाणे बदलल्यावर काय होते, याचे उदाहरण मिनेसोटाचे आहे. आग्नेय आशियातून तिथे स्थलांतरित झालेल्या मोंग आणि कॅरेन समाजातील महिलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत पोहोचल्यावर काही महिन्यांतच प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स घेऊ लागले आणि तंतुमय पदार्थ पचवणाऱ्या काही जिवाणूजाती नाहीशा होत गेल्या. पुढच्या पिढीत ही हानी वाढली आणि लठ्ठ व्यक्तींत ती अधिक होती. न्यू जर्सीतल्या किंवा अगदी हिंजवडीतल्या मराठी घरात काय घडत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. मोजून कुणी पाहिलेले नाही.

चाचणी करावी का? दही, प्रोबायोटिक घ्यावे का?

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रुग्णांनी परस्पर अशी चाचणी करू नये, असे या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये सांगितले आहे. अहवालावरून वजनाचा उपचार ठरवण्याची मान्य पद्धत आज अस्तित्वात नाही. तेवढ्या पैशांत शुगर, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल तिन्ही तपासून होतात आणि त्यांच्या निकालांवर काय करायचे, हे डॉक्टरांना माहीत असते.

दही जरूर खावे, ते चांगले अन्न आहे. पण विरजणातले जिवाणू आतड्यात कायमचे घर करत नाहीत, वाटसरूसारखे पुढे जातात. प्रोबायोटिक कॅप्सूलचेही बहुधा तसेच. वजनावर त्यांचा परिणाम मोजला गेला तिथे तो फार किरकोळ निघाला आहे. अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर ‘पोटातले चांगले जिवाणू मरतील’ या भीतीने अर्धवट सोडू नये. सर्दीसाठी स्वतःच्या मनाने घेऊ मात्र नये.

आहारात तंतुमय पदार्थ एकदम वाढवले, की पोट फुगते, गुबारा धरतो. कारण जिवाणू आंबवताना वायू तयार करतात. आठवड्या-दोन आठवड्यांत, थोडे थोडे वाढवावे. आतड्याचा आजार असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

पुढे काय?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दात्याच्या विष्ठेपासून बनवलेल्या दोन औषधांना मंजुरी दिली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये रेबायोटा आणि एप्रिल २०२३ मध्ये वाउस्ट. दोन्ही क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचा संसर्ग पुन्हा होऊ नये यासाठी, प्रौढ रुग्णांकरिता. वजन कमी करण्यासाठी मंजुरी मिळालेले जिवाणूंचे एकही औषध अद्याप तिथे नाही.